स्वरांचा शेजारधर्म

गेल्या अंकात मी ‘कॉर्ड पाठ करू नका’ असं एक वाक्य ठोकून दिलं आणि पान संपलं म्हणून तिथेच थांबले. त्यावरून निम्म्या वाचकांनी मला धारेवर धरलं आहे. बरोबरच आहे म्हणा. कॉर्ड म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर. सोयीसाठी आज सगळीकडे सा म्हणजे पांढरी एक, म्हणजेच सी. पियानो नसेल तर की-बोर्ड चालेल, तोही नसेल तर पेटी.

प्र. भजनाला पेटी वाजवत आलोय. तीन वर्षांपूर्वी की-बोर्ड घेतला. सी, एफ, जी, ए मायनर या कॉर्ड्स हाताला पक्क्या बसल्यात. पण गाण्यात लावल्या की सगळं तुटक वाटतं, कुणी जिना चढतंय-उतरतंय तसं. पाठ नाही करायच्या तर करायचं काय?
*एक वाचक, बोरिवली*

जिना हा शब्द तुम्हीच वापरलात, म्हणजे कान शाबूत आहे. दुखणं हातात आहे.

तुम्ही सी वाजवता तेव्हा सा ग प दाबता. मग एफ आली की अख्खा हात उचलून म ध सां (डोक्यावर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला). मग जी, की पुन्हा उचलून प नि रें. बोटांचा साचा तोच, फक्त पत्ता बदलला. म्हणजे तिघा भाडेकरूंनी गाद्या-भांडी घेऊन वरच्या मजल्यावर जायचं, आणि मालक म्हणाला की लगेच खाली यायचं. ऐकणाऱ्याला सामान आपटल्याचाच आवाज येणार.

आता सी आणि एफ जवळजवळ ठेवून बघा. सा ग प. म ध सा. सा दोन्हींकडे आहे. मग त्याला उठवता कशाला? तो बसू दे जागेवर. ग शेजारच्या म-वर जाईल, प शेजारच्या ध-वर. झाली एफ: सा म ध. हात उचललाच नाही. तिथून जीला जाताना सामाईक स्वर एकही नाही, तरी लांब जायचं कारण नाही. सा खाली मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, नि-वर, म खाली रे-वर, ध खाली प-वर. नि रे प. मग परत घरी, सा ग प. ए मायनर तर सगळ्यात सोपी: सा आणि ग जागेवर, फक्त प-चा ध करायचा.

खालचा-वरचा क्रम बदलला तरी कॉर्ड तीच राहते, हे आज आपल्याला उघड वाटतं. पण सा ग प, ग प सां आणि प सां गं ही एकाच कुळातली तीन रूपं आहेत आणि तिघांचं मूळ सा-च, हे रामो या फ्रेंच संगीतकाराने नीट मांडलं ते १७२२ साली. त्यालाच आपण इन्व्हर्जन म्हणतो. पुस्तकांत ही रूपं पहिलं, दुसरं असे नंबर देऊन पाठ करायला लावतात. माझ्या मते ती उलटी वाट झाली. शेजारी कोण आहे ते शोधत गेलात की इन्व्हर्जन आपोआप हाताखाली येतात, नंबर मागाहून कळला तरी चालतो.

मी हे शिकले धोबीतलावला. आम्ही गिरगावातले, खोलीत पियानो सोडाच, चौथं माणूस झोपलं तर दार उघडत नसे. सर गोव्याचे. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे आणि संध्याकाळी आमच्यासारख्यांना शिकवायचे. त्या काळी संगीतकार चाल बांधायचे आणि तिच्याखालचा वाद्यवृंद कागदावर उतरवायचं काम सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालविस यांच्यासारखे गोव्याचे जाणकार करायचे. आमचे सर त्यांच्यासमोर कागद वाचून वाजवणाऱ्यांपैकी. बोलणं कमी. माझा हात उड्या मारतोय असं दिसलं की खिशातून दोन काड्यापेट्या काढायचे. एक मंद्र ध-वर ठेवायचे, दुसरी मध्य सप्तकातल्या नि-वर. मधल्या सहा-सात पट्ट्यांत सगळं गाणं वाजव म्हणायचे. काडेपेटी पडली की पहिल्यापासून. सुरुवातीला मला तो छळ वाटायचा. सी, एफ, जी, ए मायनर या तुमच्या चारही कॉर्ड्स त्या कुंपणात आरामात बसतात, मोजून बघा.

डाव्या हाताने मात्र फक्त मूळ स्वर वाजवा: सा, म, प, ए मायनरला ध. एफवरून जीवर जाताना उजव्या हाताचे तिन्ही स्वर खाली उतरतात आणि डावा म-वरून प-वर चढतो. मुद्दाम तसं करायचं. सगळेच एका दिशेने सरकले तर ते वेगवेगळे ऐकूच येत नाहीत, एकच जाड सूर घसरल्यासारखा वाटतो.

आणि एक काम, जे पेटीवाल्यांना आम्हा पियानोवाल्यांपेक्षा चांगलं जमतं. सी, एफ, जी, सी हळू वाजवत एकेक ओळ गा. खालची ओळ: सा सा नि सा. मधली: ग म रे ग. वरची: प ध प प. तिन्ही ओळी गळ्यातून विनासायास निघाल्या की समजा हात बरोबर चाललाय. जिथे गळा अडेल तिथे हातानेही उडी मारलेली असणार.

प्र. कॉर्डमध्ये सेव्हन्थ का लावतात? मला ती अर्धवट वाटते. टीचर म्हणतात अर्धवटच वाटली पाहिजे, पण का ते सांगत नाहीत. मी सातवीत आहे.
*एक वाचक, परळ*

तुझ्या टीचर बरोबर आहेत. एक गंमत कर. घरात सगळे असताना मोठ्याने ‘गणपती बाप्पा’ म्हण आणि गप्प बस. कुणीतरी ‘मोरया’ म्हटल्याशिवाय राहणार नाही. जी सेव्हन्थ ही ‘गणपती बाप्पा’ आहे.

तिच्यात स्वर आहेत प नि रे म. जीच्या तीन स्वरांवर प-पासून मोजून सातवा म जोडला, म्हणून सेव्हन्थ. प आणि रे शहाण्यासारखे बसलेत. चुळबुळ चाललीय ती नि आणि म यांची. नि-ला अगदी खेटून वर सा आहे, मध्ये काळी पट्टी नाही. म-ला खेटून खाली ग आहे, तिथेही मध्ये काळी नाही. दोघांनाही घर समोर दिसतंय. शिवाय नि ते म हे अंतर, काळ्या धरून, सहा पट्ट्यांचं आहे, म्हणजे सप्तकाचा बरोब्बर अर्धा भाग. हे दोघं एकत्र वाजले की कानाला चैन पडत नाही. नुसते नि आणि म दाबून धर, मग नि-चा सा कर आणि म-चा ग. ऐकलंस?

मोठी झालीस की काळी एकवरची सेव्हन्थ वाजवून बघ. तिच्याही पोटात तुला हेच नि आणि म सापडतील. जाझवाले तिला जी सेव्हन्थच्या जागी बसवतात. आत्ता नको, आत्ता टीचर रागावतील.

प्र. मी चाळीस वर्षं शास्त्रीय गाण्याला पेटीची साथ केली. नातू पियानो शिकतो. परवा त्याने मी गात असलेल्या यमनाखाली कॉर्ड्स लावल्या. ऐकायला वाईट नव्हतं, पण माझं गाणं कुठेतरी वाहवत गेलं. आपल्या रागांना कॉर्ड लावणं मुळात चूक आहे का?
*एक वाचक, डोंबिवली*

वाहवत गेलं, आणि कुठे गेलं तेही सांगते. पंचमावर, म्हणजे प-वर गेलं.

यमनाचे स्वर घ्या, तीव्र मध्यमासकट. पियानोवर हेच स्वर पांढरी पाचपासून सुरू केले तर सरळ जी मेजर स्केल होते. एकही पट्टी इकडची तिकडे नाही. आता नातवाने रे, तीव्र म, ध ही कॉर्ड वाजवली असणार, कदाचित वर सा लावून तिची सेव्हन्थही केली असेल. त्या कॉर्डला ओढ असते ती पंचमाची. तीव्र म पंचमाला खेटून आहे, तो तिकडे जाणारच. दोनदा असं झालं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात प हा सा होऊन बसतो आणि तुमचा खरा षड्ज पाहुण्यासारखा उभा. स्वर तेच ठेवून दुसऱ्याच स्वराला सा मानायचं, ही मूर्च्छना तुम्हाला मी काय सांगणार? तेच झालं, फक्त कुणी न सांगता.

हा अपराध मी स्वतः केलेला आहे. दादरला सुगम संगीताचा कार्यक्रम होता, गायिका काळी चारवर गाणाऱ्या, वयाने माझ्या आईएवढ्या. यमनातलं भावगीत. मी तेव्हा बँकेत नवी, ऑर्केस्ट्रात त्याहून नवी, आणि परीक्षेत हार्मनीला चांगले मार्क पडल्याची हवा डोक्यात. अंतऱ्याच्या आधी मी नेमकी ही सेव्हन्थ लावली आणि ऐटीत पंचमावर उतरले. बाईंनी तोंडातली ओळ सोडली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि तानपुरेवालीला हाताने ‘जोरात’ अशी खूण केली. पुढची वीस मिनिटं मी सा आणि प याखेरीज काही वाजवलं नाही. मध्यंतरात चहा देताना म्हणाल्या, “तू छान वाजवतेस, पण माझं घर कशाला हलवतेस?”

मुळात चूक मात्र नाही. तुमच्या तानपुऱ्यात खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार बोलतो. स्वयंभू गंधार म्हणत त्याच्यापुढे आपण मान डोलावतो. तार अख्खी हलते तशी दोन, तीन, चार, पाच भागांतही हलते, आणि पाच भागांतला तो सूर म्हणजे हा गंधार. तीन भागांतला पंचम. म्हणजे सा ग प ही मेजर कॉर्ड बोटीतून अपोलो बंदरावर उतरलेली नाही, ती तुमच्या बैठकीत आधीपासूनच चालू आहे. फरक आहे तो बारकाईचा. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्या हिशेबाने पियानोचा गंधार सा-पासून ४०० सेंटवर, आणि तानपुऱ्यातला ३८६ वर. चौदा सेंटचा चढेपणा तुमच्यासारख्या कानाला टोचतोच. पंचम मात्र ७०० आणि ७०२, तिथे भांडण नाही. म्हणून रागाखाली पियानो वाजवताना मी सा-प भरपूर ठेवते आणि गंधार गाणाऱ्यावर सोडते. त्याचा गंधार चालू असताना मी माझा दाबत नाही.

राग कोणता यावरही आहे. भूपात म आणि नि नाहीत, त्यामुळे तीन स्वरांच्या सरळ कॉर्ड्स दोनच निघतात: सा ग प आणि ध सा ग. त्यातली दुसरी जास्त वेळ धरली तर धानी रागाचा वास यायला लागतो, तेवढं भान ठेवायचं. नातवाला आधी भूप द्या, त्याला फार काही बिघडवता येणार नाही. भैरवात पंचमावर हात ठेवला की समोर कोमल रे, म्हणजे प-ची धड कॉर्डच उभी राहत नाही. उलट कोमल रे, म, कोमल ध मिळून चक्क मेजर होते, सा-च्या दाराला दार लावून. सुंदर वाजते, पण ती आणि सा ग प आलटून पालटून लावलीत की सकाळचा भैरव गिटार घेऊन स्पेनला निघालाच.

त्याला म्हणावं, आजोबा गातात तेव्हा डाव्या हातात सा-प धर, आणि आजोबा न्यास घेतात, म्हणजे एखाद्या स्वरावर विसावतात, तिथेच उजव्या हाताचा एखादा स्वर हळूच ठेव. वाजवण्याआधी महिनाभर नुसता तानपुरा छेडायला बसवलंत तर फारच उत्तम. तो कुरकुरेल.

प्र. मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख, हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे का?
*एक वाचक, वसई*

एका पट्टीवर एवढा भार टाकू नका. मेजरमध्ये सा ते ग चार पट्ट्या आणि ग ते प तीन, मायनरमध्ये आधी तीन मग चार. मधलं बोट एक पट्टी डावीकडे सरकलं, इतकंच. कोमल गंधाराने रडूच यायचं असतं तर काफी रागात होळीची होरी कुणी गायली असती? लय, शब्द, आवाज किती खाली लावलाय, मागचा स्वर कोणता होता, हे सगळं मिळून काय ते ठरतं. सिनेमाने आपल्याला सवय लावली आहे, तेवढ्यापुरतं खरं.

प्र. गायक बदलला की पट्टी बदलते. की-बोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे, ते वापरू की बारा पट्ट्या शिकू?
*एक वाचक, मुलुंड*

बटण मी वापरलंय, खोटं कशाला बोलू. आणि एकदा मागच्या गाण्याचं बटण तसंच राहिलं, पुढच्या गाण्याला मी एका पट्टीत आणि बाकी सगळा ऑर्केस्ट्रा दुसऱ्या पट्टीत. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं मशीन काढून तपासलं. तेव्हापासून बटणाशी माझं पटत नाही.

तुम्ही कॉर्ड्स ‘सी, एफ, जी’ अशा लक्षात ठेवता म्हणून बारा पट्ट्यांचा डोंगर दिसतो. ‘सा-ची, म-ची, प-ची’ म्हणा. काळी एक असो की पांढरी पाच, सा-ची कॉर्ड ती सा-ची. आपल्याला लहानपणापासून चालता-फिरता सा येतो, हा आपला मोठा फायदा आहे आणि पियानोच्या क्लासला गेल्यावर तोच आपण दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो. आठवड्याला एक पट्टी घ्या, तीच चार कॉर्ड्सची साखळी, हात न उचलता. तीन महिन्यांत बारा होतात.

प्र. जुलै आला की माझ्या जुन्या अपराइट पियानोवर सगळ्या कॉर्ड्स आंबट लागतात. कान बिघडला की पियानो?
*एक वाचक, अंधेरी*

पियानो. आतला साउंडबोर्ड लाकडाचा, तो पावसाळ्यात ओल पिऊन फुगतो, तारांवर ताण वाढतो आणि सूर चढतो. सगळीकडे सारखा चढला असता तर कळलंही नसतं. मधल्या सप्तकात जास्त चढतो आणि खाली खर्जात कमी, म्हणून डाव्या-उजव्या हाताचं जमत नाही. समुद्राची हवा आहे, इलाज पुरता नाही. खालच्या फळीआड लाकडाला आणि कापडाला न चिकटता एक मंद विजेचा दिवा लावून ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे, ती चांगली आहे. ट्यूनरला दिवाळीनंतर बोलवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर लावून घेणं म्हणजे छत्री विसरून निघण्याआधी शर्टाला इस्त्री करणं.

प्र. वय ७१. उजव्या हाताची करंगळी फ्रॅक्चरनंतर धड वाकत नाही. तीन-चार स्वर एकदम दाबले की कळ येते. कॉर्ड्स वाजवायचा नाद सोडून द्यावा का?
*एक वाचक, लालबाग*

नाद नका सोडू, पंचम सोडा.

कॉर्डमध्ये मूळ स्वर कोण आहे ते सांगायला डावा हात आहे. त्या मूळ स्वराला सा मानलं, तर मेजर की मायनर हे गंधार सांगतो. पंचम काय सांगतो? फारसं काही नाही. शिवाय वर तानपुऱ्याबद्दल लिहिलं ते पियानोच्या तारेलाही लागू आहे, डाव्या हाताने खाली एक मूळ स्वर वाजवला की त्याच्या पोटात त्याचा पंचम धूसर का होईना असतोच. सबब उजव्या हाताला दोन बोटं पुरतात. आमचे सर रेकॉर्डिंगला बरेचदा दोनच स्वर वाजवायचे. मोठ्या वाद्यवृंदात चार स्वर कोंबले तर माइकवाला ओरडतो, म्हणायचे.

परळच्या मुलीला लिहिलेलं उत्तर तुम्हीही वाचा आणि आज संध्याकाळी हे करून बघा. डाव्या हाताने खाली प. उजव्या हाताचा अंगठा मंद्र नि-वर, अनामिका म-वर. दाबून ठेवा, घाई नाही. मग डाव्याने सा घ्या, अंगठा एक घर उजवीकडे सा-वर, अनामिकेऐवजी मधलं बोट ग-वर. जी सेव्हन्थवरून सीवर आलात. करंगळी पट्टीच्या काठावर नुसती टेकलेली राहू दे.